ढेकूळ डोक्यावर घे आणि सांग

"वर्धेकडच्या एका पाटलानं म्हने बैलगाडीच्या चाकाले चांदीची धाव बसवली!" अमरावतीच्या बाजारात वांग्यांचा वाटा पदरात घेता घेता एक गिऱ्हाईक बाई बोलून गेली आणि माणिकबाईने पुढे केलेला हात मागे घेतला.

"कोनाच्या तोंडचं?"

"अवं, सारेच म्हनून राह्यले."

"सारे म्हंजे कोन? नाव असंल ना त्याले? काया मातीत लोखंडाची धाव झिजते वं बाई, चांदीची दोन कोस त् चालन का?"

"तू वांगे देतं का नाई?"

"वांगे घेऊन जाय. चांदी इथंच ठेव."

वलगावची माणिकबाई ही अशी. जातीची माळीण. पेढी नदीच्या काठी नवऱ्यामागे राखलेली तिची वाडी होती. वांगी, मिरच्या, कोथिंबीर आणि सणासुदीला झेंडू. सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन निघायची, अमरावतीच्या परकोटाच्या वेशीबाहेर दुकान मांडायची, दुपार कलली की घरी. तोंडावर देवीचे व्रण इतके खोल की नवी गिऱ्हाइकं नजर चुकवत. त्याच देवीने तिची दोन लेकरं एकापाठोपाठ नेली होती. उरलेला मुलगा वाडीत राबायचा आणि घरात गप्प असायचा. बोलायचं ते सून सुभद्रा बोले, आणि नात रुखमी दिवसभर आजीच्या लुगड्याला धरून हिंडे.

खोटं बोलणाऱ्याचा माणिकबाईला तेवढा राग यायचा नाही. त्याला निदान डोकं चालवावं लागतं. कानावर पडलेलं तसंच पुढे ढकलणारा माणूस दिसला की मात्र तिची तळपायाची आग मस्तकाला जायची. आणि ती वर्षंच अशी होती की गावात दुसऱ्या प्रकारचा माणूस दाखवायला मिळत नव्हता.

सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रस्त्यांवर गाड्यांची रांग तुटेना. प्रत्येक गाडीबरोबर एक बातमी यायची. लढाई थांबली. लढाई पेटली. दलाल जाणूनबुजून बातम्या सोडायचे, गाडीवान त्या फुकट वाहायचे. आपले लोक मूर्ख झाले म्हणावं तर तसंही नव्हतं, हेच माणिकबाईला छळायचं. ज्या मुलखाचं नाव धड घेता येत नाही तिथे माणसं मरतात आणि इथे नत्थुजी गाडीवानाच्या बायकोच्या गळ्यात पुतळ्यांची माळ येते, हे जर खरं, तर खोटं म्हणायचं तरी कशाला? ज्या गावाने एवढं मोठं नवल डोळ्यांनी पाहिलं, त्याला आता कोणीही काहीही सांगावं!

त्या हिवाळ्यात केशवराव नावाचा देवी टोचणारा वलगावात आला. सरकारी माणूस, पुण्याकडचा, परीटघडीचं धोतर. त्याच्या छकड्यात एक परकं मूल आणि ते सांभाळायला एक शिपाई. त्या कामाची तऱ्हाच वेगळी होती. एका मुलाच्या दंडावर टोचलं की आठव्या दिवशी तिथे पाण्याने भरलेला फोड येई. त्या फोडातली लस घेऊन पुढच्या मुलांना टोचायचं. लस बाटलीत टिकायची नाही, म्हणून मूलच या गावाहून त्या गावाला न्यावं लागे. मग त्या गावचं एखादं मूल पुढच्या गावाला. मधे कुठे फोड सुकला की सगळं बी गेलं.

यातलं एक अक्षर केशवरावाने कोणाला सांगितलं नाही. चावडीत बसून त्याने हुकूम वाचला आणि म्हणाला, "मुलं आणा."

माणिकबाई पुढे झाली. "हे लेकरू कोनाचं? याची माय कुठी हाये?"

"तुला काय करायचंय बाई? आईला घेऊन हिंडायचं तर दुसरा छकडा लागेल. तो कोण देणार?"

"लेकरू मायबिगर हिंडवता आन् लोकाइनं भरोसा ठेवावा म्हंता?"

केशवराव हुकमाची घडी घालू लागला. मूल आष्टीचं आहे हे तिला ठाऊक होतं, पण ते साऱ्यांपुढे त्याच्या तोंडून यायला हवं होतं. आष्टीची एक माळीण बाजारात तिच्या शेजारी बसायची. तिने टोचण्याची गोष्ट सांगितली तेव्हा माणिकबाईने नुसतं ऐकलं नव्हतं, तिच्या लेकराचा दंड दिवसाआड बघितला होता. फोड आला, ताप आला, उतरला, लेकरू खेळायला लागलं. हे तिचं स्वतःच्या डोळ्यांचं होतं. तिने रुखमीला मांडीवर घेतलं आणि तिच्या चोळीची बाही वर केली.

बाकी गाव मागे सरलं. पाटील खुशालराव मिशीत हसून म्हणाले, "तुया नातीचं पायतो आमी. बरी राह्यली त् आठव्या रोजी तिच्याच दंडावरून साऱ्या गावाचे लेकरं टोचू."

"शब्द देता का, पाटील?"

"देल्ला."

आठव्या दिवशी परत येतो म्हणून केशवराव निघून गेला. साऱ्या वलगावच्या लेकरांचं नशीब आता रुखमीच्या दंडावर होतं, आणि तो दंड माणिकबाई हळदीच्या शेतासारखा राखू लागली.

फोड नुकता वर आला होता, तोच नत्थुजी अकोल्याकडून गाडी घेऊन परतला. पारावर बसला, चिलीम पेटवली आणि बोलला, "काटेपूर्णेवर आगगाडीचा पूल होऊन राह्यला ना, त्याचा खांब उभा राहत नाई. म्हून पायव्यात लेकरं घालून राह्यले. बारा झाले. ज्याच्या दंडावर टोचून खून करतेत, थेच लेकरू उचलतेत."

झालं. चिलीम विझायच्या आत गावाची दारं लागली. ज्यांनी केशवरावाच्या छकड्यात परकं, आईवाचून लेकरू पाहिलं होतं, त्यांना आणखी पुरावा कशाला हवा होता?

माणिकबाई घरी आली तर सुभद्रा रुखमीचा हात धरून दंडाला राख चोळत होती. पोर किंचाळत होती.

"सोड! सोड तिले! का करून राह्यली?"

"खून पुसतो, आत्याबाई. तुमीच केली ना ही खून? तुमचे दोन गेले, आता माई एक बी घालता का पुलाखाली?"

सुभद्राच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती. माणिकबाईच्या तोंडाशी आलेली शिवी तिथेच विरली. तिने राख झटकली, फोड फुटला नाही हे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "हे ज्याच्या तोंडचं हाये त्याले मी आनतो. तवर हिच्या दंडाले हात लावू नको. माई आन हाये तुले."

आणि ती निघाली. नत्थुजीला पारावरच धरलं.

"तू पायले का बारा लेकरं?"

"मी कायले पाहू, काकी? बडनेऱ्याच्या पडावावर एका गाडीवानानं सांगतलं."

बडनेऱ्याचा गाडीवान तिला अमरावतीच्या कापसाच्या बाजारात सापडला. त्याच्याकडे बारा नव्हती, चार होती. त्याला ज्या तोलाऱ्याने सांगितलं, त्याच्याकडे दोन. माणिकबाई एकेक तोंड मागे जात होती आणि गोष्ट वाळत चालली होती. शेवटी तोलाऱ्याने गठ्ठ्यांच्या थप्पीकडे बोट दाखवलं. तिथे सहदेव नावाचा हमाल बसला होता. पुलाच्या कामावर गिट्टी वाहायचा, आता तिथून सुटून इथे आला होता.

"पुलापाशी लेकरू पुरलेलं तू पायलं?" माणिकबाईने विचारलं.

त्याने तिच्या तोंडावरचे व्रण पाहिले.

"पायलं काय? मीच पुरलं. माई लेक होती. देवी निंगाल्या होत्या तिले, बोट ठेवाले जागा नव्हती. तिथं सारा गोटाच गोटा. खांबापाशी खोदलेली माती मऊ होती, म्हून तिथं ठेवली. येनाऱ्या-जानाऱ्या गाडीवाल्याइनं पायलं असंल."

"आन् दंडावर खून?"

"कायची खून? टोचलं असतं त् गेली असती का?"

माणिकबाईने डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. देवीने गेलेल्या लेकराची ती मूठमाती, आणि तिच्याच नावाने गावोगाव देवी टोचणं बंद पडत होतं. याहून मोठी थट्टा कोणी केली नसती. आणि ती कोणी केलीही नव्हती, राग काढावा तर समोर माणूसच नव्हता! तिने टोपल्यातली भाकर सोडली, अर्धी त्याच्यापुढे ठेवली आणि वलगावात येऊन हे सांगशील का म्हणून विचारलं.

"लोकाइले माया लेकीचं मरन सांगत हिंडू काय मी?"

  दोघांनी भाकर खाल्ली. हात झटकून तो उठला आणि म्हणाला, "चाला."

चावडी भरली. सहदेव उभा राहिला आणि खालमानेने सगळं बोलला. मुलीचा ताप, फोड, ती मऊ माती. माणिकबाईला वाटलं, आता संपलं. याउपर कोणाला काय हवं?

नत्थुजीने चिलीम काढली. "म्हंजे पुरली ना? पुलापाशीच ना? मंग मी दुसरं काय सांगतलं?"

"व्हय ना," मागून कोणी म्हणालं. "तो खुद्द कबूल करून राह्यला."

"सरकारनंच शिकवून धाडला असंल."

"बाप असून बोलून राह्यला, काय जमाना आला!"

सहदेवने मान वर केली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि चावडीची पायरी उतरून निघून गेला.  माणिकबाई वळली ती पाटलावरच.

"पाटील, धुऱ्या-बांधाचं भांडन होते तवा तुमी का करता? साक्ष देनाऱ्याच्या डोक्यावर त्याच वावरातलं ढेकूळ ठेवता. ढेकूळ डोक्यावर घेऊन त्यानं धुरा चालून दाखवावा लागते. खोटा चालला त् वंश बुडते म्हून मोठमोठ्याचे पाय कापते. हातभर मातीसाठी एवढं! आन् लेकराइच्या जिवाची गोठ आली त् कोनीबी चिलीम ओढत उठावं, काईबी बोलावं? ठेवा ना नत्थुजीच्या डोक्यावर ढेकूळ! म्हना, चाल, आन् सांग मी पायलं!"

चावडी हसली. खुशालराव पण हसले. "धुरा येगया, बातमी येगयी. बातमीले कोन्या वावराचं ढेकूळ ठेवावं, माय? होळी होऊ दे, मंग टोचायचं पाहू."

"होळीपावतर फोड थांबनार हाये का? शब्द देल्ला होता तुमी!"

"गावापुढं माया शब्द का करते?"

आठव्या दिवशी केशवरावाचा छकडा नदीच्या उतारावर आला, तेव्हा पलीकडे लाठ्या उभ्या होत्या. माणिकबाई रुखमीला कडेवर घेऊन त्या लाठ्यांमधून पाण्यात उतरली. तिचा पहिला फटका केशवरावालाच बसला. "पह्यल्याच रोजी चावडीत सांगतलं असतं, लेकरू काहून हिंडवता, कसं हिंडवता, त् हे झालं असतं का? मायले संग आनली असती त् झालं असतं का?"

"आम्हाला हुकूम पाळायचा असतो बाई. लोकांची समजूत घालत बसायचं नसतं."

"मंग पाया हुकूम! इथंच पान्यात उभे राहून पाया!"

 माणिकबाईने आवाज खाली आणला. "वलगाव नाई त् नाई. हिले दुसऱ्या गावाले घेऊन चाला, मी येतो संग. बी त् वाचन."

पण पोर छकड्यात बसवायला ती पुढे झाली आणि मागून आरोळी आली, "लेकरू गाडीत गेलं त् छकडा जायून टाकू!" एक दगड बैलाच्या पुठ्ठ्यावर बसला. छकडा वळला.

साऱ्या गावाच्या वाट्याचा तो फोड मग माणिकबाईच्या घरातच पिकला आणि घरातच सुकला. त्याची खपली एका दुपारी तिच्या मांडीवर पडली. तिने ती बराच वेळ बोटांत धरून ठेवली.

चैत्र लागला आणि देवी आली. दारोदार कडुनिंबाचे डहाळे लागले, देवीला चालत नाही म्हणून घराघरांत फोडणी बंद झाली. नत्थुजीचा लेक गेला. खुशालरावांच्या नातवाचे डोळे गेले. ज्या घरांत पाणी द्यायला माणूस उरला नव्हता तिथे रुखमी गडवा घेऊन आत-बाहेर करत होती, तिला काही झालं नाही. ते बघून तरी लोक शहाणे होतील, असं तुम्हाला वाटेल. गाव म्हणालं, माणिकबाईने नातीवरची पीडा आपल्यावर ढकलली.

"कोनाच्या तोंडचं?" ती दारोदार विचारत फिरली. कोणाच्याच नाही. पुलाची गोष्टही आता कोणी केलेली नव्हती. नत्थुजी तर आईची शपथ घेऊन म्हणाला, "मी असं म्हटलंच नव्हतं, काकी." आणि खरंच त्याला तसं वाटत होतं! त्याच्या घरात सुतक होतं. माणिकबाई दात-ओठ खाऊन परत आली आणि वाडीतल्या मिरच्यांवर खुरप्याने तुटून पडली.

पावसाळ्याच्या तोंडी खुशालराव तिच्या वाडीत आले. आंधळा नातू खांद्यावर होता. बांधावर बसले, नातवाला मांडीवर घेतलं.

"रडाले आले असान त् दुसरीकडं जा," माणिकबाई म्हणाली. "मले काम हाये."

"तू म्हंशीन थे करतो."

"मी म्हनतो म्हून करू नका, पाटील. मी उद्या मरन. चावडीत नेम बांधून ठेवा. ज्या बातमीनं गावाच्या लाठ्या निंगतेत किंवा दारं लागतेत, थे आननाऱ्यानं डोक्यावर ढेकूळ घ्यावं. पायलं असंल त् पायलं म्हनावं, आयकलं असंल त् कोनाच्या तोंडचं थे सांगावं, आन् त्या तोंडापावतर गावाचा मानूस जाऊन यावा. तवर दवंडी नाई, लाठी नाई. आन् टोचनाऱ्याले बी हेच. लेकरू आनलं त् त्याची माय संग पायजे, आन् त्या गावच्या पाटलानं इथं उभं राहून सांगावं का हे लेकरू आमचं."

पाटलाने चावडीत तसं बांधून दिलं. लोक कुरकुरले, आणि पहिल्या महिन्यात त्यांनी ढेकळाचा उपयोग एकमेकांच्या बायकांच्या भांडणांत केला. पण कापसाच्या भावाची एक मोठी थाप त्या ढेकळाला घाबरून पारावरच मेली, तेव्हा कुरकुर कमी झाली.

दुसऱ्या हिवाळ्यात केशवराव आला. या वेळी छकड्यात लेकरू होतं, त्याची आई होती, आणि मागून घोड्यावर आष्टीचा पाटील. चावडीपुढे लेकरं घेऊन रांग लागली, जणू हे गाव कधी लाठ्या घेऊन उभं राहिलंच नव्हतं. नत्थुजीने उरलेली लेक सत्यभामा आणली. माणिकबाई भिंतीला टेकून बघत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. चैत्रात गेलेली लेकरं या रांगेत कुठे कुठे उभी राहिली असती, तेच तिला दिसत होतं.

आठव्या दिवशी सगळ्यांत भरलेला फोड सत्यभामाचा निघाला. दर्यापूरच्या वाटेवरच्या पुढच्या गावाला आता तिला न्यायचं होतं. नत्थुजीने बैल जुंपले खरे, पण गाडीत बसेना. त्या गावात अजून पुलाची गोष्ट जिवंत होती, आणि त्याच्याइतकं ते कोणाला ठाऊक असणार?

"बस," माणिकबाई गाडीत चढत म्हणाली. "बायकोले बी घे. मी हावो."

मागून केशवरावाचा छकडा निघाला. गावाच्या शिवेवर लाठ्या उभ्या होत्याच. लाठ्याही ओळखीच्या वाटाव्यात इतक्या त्याच. माणिकबाई खाली उतरली, शेजारच्या वावरातून एक काळं ढेकूळ उचललं आणि पहिल्या माणसापुढे धरलं.

"घे. डोक्यावर घे, आन् सांग का पुलात लेकरं घातलेले मी पायले."

तो मागे सरकला. "मी नाई पायले. यानं सांगतलं." शेजाऱ्याने त्याच्या मागच्याकडे बोट केलं, त्याने आणखी कोणाकडे. ढेकूळ तिच्या हातात तसंच राहिलं.

"इचार करून सांगतो," एक म्हातारा म्हणाला.

माणिकबाईचं डोकं फिरलं. ती तोंड उघडणार, तोच मागून नत्थुजी आला. त्याने तिच्या हातातून ढेकूळ घेतलं आणि स्वतःच्या पागोट्यावर ठेवलं. माती त्याच्या कपाळावर गळली.

"माया पोरगा गेला," तो म्हणाला. "देवीनं गेला. टोचला नव्हता. हे मी पायलं." त्याने ढेकूळ सावरलं. "एवढंच मी पायलं हाये."

लाठ्या खाली आल्या नाहीत. सूर्य माथ्यावरून सरकत होता. गाडीत नत्थुजीची बायको पोरीच्या दंडावर पदराची सावली धरून बसली होती. मग लाठ्यांच्या मागून एक बाई कडेवरचं लेकरू सावरत पुढे आली. मागून तिच्या नवऱ्याने हाक मारली, तरी थांबली नाही. गाडीपाशी येऊन तिने सत्यभामाच्या आईकडे पाहिलं, मग दंडाकडे.

"ही तुईच का?"

"माईच."

बाईने लेकराची बाही वर केली.

माणिकबाईने तिच्यामागे पाहिलं. दुसरं कोणी येत नव्हतं. एवढ्या गावातून एक!

"एक त् एक," ती खेकसली आणि केशवरावाकडे वळली. "आता का मुहूर्त पाहून राह्यले? उतरा खाली!"